एकही तक्रार नाही!

त्या कारखान्यात सकाळच्या सभेला टाळ्या वाजायला लागल्या की समजायचं, आज कुणाची तरी अब्रू जाणार.

कारखाना वॉकरचा. म्हाताऱ्या माणसांना, हाडाचं ऑपरेशन झालेल्यांना धरून चालायला ॲल्युमिनियमची चार पायांची चौकट लागते ना, ती तिथे बनते. लांबलचक सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कामगार उभे असतात आणि त्यांच्या डोक्यावरून एक लाल दोरी गेलेली आहे. कुणालाही काही चुकीचं दिसलं तर त्याने ती दोरी ओढायची, पट्टा थांबवायचा, दोष काढायचा आणि मगच पुढे जायचं. किती छान सोय! कारखाना बघायला पाहुणे आले की मालक त्यांना सगळ्यात आधी ती दोरी दाखवायचे. "आमच्याकडे साधा कामगारसुद्धा अख्खा कारखाना थांबवू शकतो," असं म्हणताना त्यांची छाती फुगायची.

पुढची गोष्ट मात्र ते पाहुण्यांना सांगायचे नाहीत. दोरी ओढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर एका लाकडी खोक्यावर उभं करत. पट्टा का थांबवला हे त्याने तिथून सांगायचं, आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्यांदा कधीतरी त्या टाळ्या खऱ्या कौतुकाच्या असतीलही, कोण जाणे. शिवाय दाराजवळ एक फळा होता, 'न थांबता चाललेले दिवस'. महिनाभर पट्टा थांबला नाही तर सगळ्यांना अर्धा दिवस सुटी. कुणी दोरी ओढली की आकडा शून्यावर, आणि सुटी गेली. ज्याच्यामुळे ती गेली, त्याच्या शेजारी जेवायला कोण बसणार?

त्या सकाळी खोक्यावर रबरी टोप्या बसवणारा उभा होता. वॉकरच्या पायांना खालून ज्या टोप्या लावतात, त्यांतल्या काहींना चिरा दिसल्या म्हणून त्याने दोरी ओढली होती.

"चिरा होत्या साहेब," तो खाली बघत म्हणाला.

"केवढ्या?" मालकांनी विचारलं. "मला इथून दिसतील एवढ्या?"

सगळे हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "सत्कार करा रे याचा, हार आणा!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या माणसाचे कान लालबुंद झाले. तो खोक्यावरून उतरला तेव्हा त्याच्यासाठी कुणी वाटसुद्धा सोडली नाही.

टाळ्या वाजवणाऱ्यांत तपासणीबाईही होत्या. कारखान्याच्या गुणवत्ता विभागाच्या त्या प्रमुख. त्यांची सही असलेली 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटल्याशिवाय एकही वॉकर दाराबाहेर पडत नसे. बाई हुशार, कडक, कामाला वाघ. सध्या त्या फार घाईत होत्या. गुणवत्तेचं मोठं प्रमाणपत्र द्यायला बाहेरून समिती येणार होती आणि कारखाना कसा चालतो, हे तिच्यापुढे मांडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी दोन वेळा टाळ्या वाजवल्या आणि घड्याळ पाहिलं.

वाचकहो, नाक मुरडू नका. अशा टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या आहेत. कचेरीत कुणी म्हणतं, "हे चुकतंय," आणि आपण म्हणतो, "आले बघा शहाणे!" त्यालाच टाळ्या म्हणतात.

दुपारी बाईंना शेजारणीचा फोन आला. "लवकर या. तुमच्या सासूबाई पडल्यात."

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात सासू-सून दोघीच. सासूबाई म्हणजे मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. पडून राहणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ऑपरेशननंतर त्या हट्टाने उठल्या होत्या आणि सुनेनेच आणून दिलेला, सुनेच्याच कारखान्यातला वॉकर धरून घरभर फिरत होत्या. त्या दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर त्यांनी पुढे भार टाकला आणि वॉकरचा एक पाय आत सरकला. त्यासरशी त्या कोसळल्या. जोडलेलं हाड पुन्हा मोडलं.

रुग्णालयातून संध्याकाळी बाई घरी कपडे न्यायला आल्या, तेव्हा वॉकर न्हाणीघरापाशी आडवाच पडलेला होता. त्यांनी तो उचलला. वॉकरचा पाय म्हणजे नळीत नळी. उंची कमी-जास्त करायला आतल्या नळीवर स्प्रिंगचा एक छोटा खटका असतो, तो बाहेरच्या नळीच्या भोकातून टक्‌ करून वर येतो आणि पाय पक्का बसतो. बाईंनी खटका दाबून सोडला. तो अर्धाच वर आला. टक्‌ आवाज झाला नाही. त्यांनी तळहाताने जरा तिरका जोर दिला आणि पाय सळकन आत गेला.

वरच्या दांडीवर चिठ्ठी होती. 'तपासले.' खाली त्यांची स्वतःची सही.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं. पण तुम्हाला काय वाटतं, हा राग त्या सहीवर निघाला? छे! माणसाचा राग इतका सरळमार्गी नसतो. तो आधी खालच्या माणसाला शोधतो.

दुसऱ्या दिवशी बाई थेट पट्ट्यापाशी गेल्या. खटके बसवण्याच्या जागी एक मध्यमवयीन बाई काम करायची. बारीक, अबोल. बाईंनी वॉकर तिच्यासमोर आपटला.

"हे काय आहे?"

तिने खटका दाबून बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "नवीन स्प्रिंगा आल्यात ना, मॅडम, त्यातला आहे."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

तिने खटका पुन्हा एकदा दाबून पाहिला.

"मी काय विचारतेय? माहीत होतं?"

"हाताला कळत होतं," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांचं नाही. अधूनमधून एखादा मऊ लागायचा."

"आणि तू तो तसाच पुढे सोडलास! दोरी कशाला आहे मग? शोभेला?"

ती एकदम वर बघून म्हणाली, "मॅडम, महिना भरत आला होता. सगळ्यांची सुटी होती. आणि ते खोकं… मला नाही जमत हो तिथं उभं राहायला. मागं एकदा ओढली होती मी. टाळ्या तुम्ही पण वाजवल्या होत्या."

"मला शिकवू नकोस!" बाई किंचाळल्या. "माझी सासू पडलीय तुझ्या या मऊ खटक्याने. पुन्हा उभी राहील की नाही, डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत. उद्यापासून येऊ नकोस."

पट्टा चालूच होता. आजूबाजूचे सगळे मान खाली घालून काम करत होते, जणू कुणाला काही ऐकूच आलं नव्हतं.

संध्याकाळी बाई रुग्णालयात सासूबाईंच्या खाटेशी बसल्या आणि सगळं भडाभडा बोलल्या. सासूबाईंना वेदनेने धड मान वळवता येत नव्हती, पण कान शाबूत होते.

"त्या बाईला कळलं होतं, आई! हाताला कळलं होतं आणि मूग गिळून बसली. तिला घरी बसवलं मी."

"बरं केलंस. मग तिच्या जागी आता कोण येणार?"

"येईल कुणीतरी. डोळे उघडे ठेवून काम करणारी."

"तिचे डोळे उघडेच होते गं. तोंड बंद होतं. ते कुणी बंद केलं?"

सासूबाईंनी डोळे मिटले, थोडा दम खाल्ला आणि पुन्हा बोलू लागल्या.

"मी पहिल्यांदा ज्या वॉर्डात लागले ना, तिथल्या मोठ्या सिस्टर फार कडक. चूक कबूल केली की चारचौघांत वाभाडे आणि वर मेमो. त्यामुळे त्या वॉर्डात कधी चूकच व्हायची नाही. कागदावर हं! पेशंट मात्र 'अचानक' जायचे. पुढे मी तिथे मोठी सिस्टर झाले. एक नवीन पोर एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला देऊन बसली आणि रडत धावत माझ्याकडे आली. मी तिला काय म्हटलं असेल?"

"रागावला असाल."

"रागावले ना, नंतर. आधी म्हटलं, सांगितलंस ते फार बरं केलंस, चल, आधी त्याला बघू. तो माणूस वाचला, बाळ. माझ्या हुशारीमुळे नाही. ती धावत आली म्हणून. तुझ्या कारखान्यात धावत येणाऱ्याला तुम्ही खोक्यावर चढवता!"

"पण म्हणून काय जिवाशी खेळायचं? कुणीही, साधं माणूसही, असा सैल पाय हाताला लागला तर बोलेल!"

सासूबाईंनी डोळे उघडले. "मला आदल्या दिवशीच कळलं होतं."

"काय?"

"पाय सैल आहे ते. आदल्या दिवशी दोनदा सरकला होता."

"आई! मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू आलीस तेव्हा मी म्हटलं, अगं, हा वॉकर जरा… तू चपला काढत होतीस. म्हणालीस, 'आई, तुमचं रोज काहीतरी नवीन असतं. जरा टेकू द्याल का?' मग मी म्हटलं, राहू दे. आपलंच काहीतरी चुकत असेल. दमून येते बिचारी, कशाला डोक्याला ताप."

ते वाक्य बाई खरंच बोलल्या होत्या. इतक्या सहज बोलल्या होत्या की त्यांना ते आठवतसुद्धा नव्हतं! एवढी करारी बाई, जिने आयुष्यभर वॉर्ड चालवले, ती एका तुसड्या वाक्याने गप्प झाली होती. मग पट्ट्यावरच्या त्या अबोल बाईने काय करायला हवं होतं?

"रडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "राग आलाय ना? येऊ दे. पण जागेवर काढ. त्या स्प्रिंगांचे वॉकर आणखी किती जणांच्या हातात आहेत, ते आधी बघ. माझ्यासारखं आणखी कुणी पडायच्या आत."

सकाळी बाई मालकांच्या खोलीत गेल्या. नव्या स्प्रिंगा आल्यापासूनचे सगळे वॉकर परत मागवायला हवेत, तयार मालाचा ट्रक थांबवायला हवा, असं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी सासूबाईंची चौकशी केली, फळं पाठवतो म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलले.

"मॅडम, समिती तोंडावर आलीय. आत्ता माल परत मागवला तर प्रमाणपत्र गेलंच समजा. आणि कशासाठी? बाजारातून एकही तक्रार नाही. एकही! तुम्ही भावनेच्या भरात आहात."

"माझ्या सासूबाईंनीही तक्रार केली नव्हती, साहेब. त्या पडल्या."

"एका घटनेवरून कारखाना चालत नाही."

"आपला कारखाना कसा चालतो ते मी सांगू? आपण दोरी टांगलीय आणि ती ओढणाऱ्याची फजिती करतो. मी तपासते कशी, तर उभ्या वॉकरवर वरून वजन ठेवते. माणूस काय असा गपचूप उभा राहतो? तो ढकलतो, वळतो, तिरका कलतो. ते मी कधी बघितलंच नाही, कारण खालून कुणी काही सांगतच नव्हतं. वर सगळं छान, फळ्यावर आकडा मोठा, आणि आपण एकमेकांची पाठ थोपटतोय! ही गुणवत्ता नाही साहेब, हा मुकाट्याने चाललेला अपघात आहे!"

"तक्रार आणा," मालक थंडपणे म्हणाले. "एक तरी आणा. मग बोलू. तोवर ट्रक जाईल."

बाई बाहेर पडल्या. त्या तशाच रुग्णालयात गेल्या. वॉर्डाच्या लांब ओसरीत पेशंट चालायचा सराव करत होते. बाई इतक्या वेळा तिथून गेल्या होत्या, पण आज त्या थबकल्या. एक आजोबा वॉकर धरून सावकाश येत होते. वॉकर त्यांच्याच कारखान्यातला. आणि त्याच्या एका पायावर, बरोबर खटक्याच्या जागी, बँडेजची पट्टी गुंडाळून गच्च गाठ मारलेली.

"आजोबा, हे काय बांधलंय?"

"सरकतो ना पाय," आजोबा म्हणाले. "सिस्टरनी बांधून दिलं. आता मस्त चालतो बघा."

"मग तक्रार नाही केली?"

आजोबा हसले. "कुणाकडे करायची? आणि आम्ही म्हातारे. आम्ही म्हटलं सरकतो, तर पोरं म्हणणार, तुम्हीच नीट धरत नाही."

बाई वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, तर असे बांधलेले आणखी वॉकर दिसले. मग त्या रुग्णालयाच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या, आजारपणाचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात गेल्या. त्यांनी सिस्टरशी, दुकानदाराशी बोलून बदली वॉकर द्यायची हमी स्वतःच्या जबाबदारीवर घेतली आणि जेवढे मिळाले तेवढे वॉकर टेम्पोत घातले. ट्रक अजून भरत होता तेवढ्यात टेम्पो कारखान्याच्या फाटकातून आत आला.

मालकांच्या मोठ्या टेबलावरची समितीसाठी मांडलेली चकचकीत माहितीपत्रकं बाईंनी हाताने बाजूला सारली आणि वॉकर एकेक करून वर ठेवले. एकाला बँडेज. एकाला चिकटपट्टीचे वेढे. एकाला बुटाची नाडी, एकाला फाटक्या चादरीची चिंधी. एकाला कुणीतरी खटक्यातून चक्क खिळा आरपार घातला होता.

"या घ्या तक्रारी," बाई म्हणाल्या. "लिहून नाही आल्या. बांधून आल्यात!"

मालकांनी एक वॉकर ओढला. "लोक उगाच घाबरतात," असं पुटपुटत त्यांनी नाडीची गाठ सोडली, खुर्चीतून उठले आणि वॉकर धरून पुढे एक पाऊल टाकलं. भारी अंगाचे गृहस्थ. वळताना भार तिरका पडला आणि पाय सळकन आत गेला. त्यांचा तोल गेला. एका हाताने टेबलाची कड सापडली म्हणून वाचले, नाहीतर तोंडावरच आपटले असते. बाईंनी त्यांना धरलं नाही.

टेबलाला धरून ते सरळ झाले.

"माझी मोठी बहीण," ते म्हणाले, "तिच्याकडे आपलाच आहे. मागच्या आठवड्यात मीच पाठवला."

"त्यांनी काही तक्रार केलीय का?" बाईंनी विचारलं.

मालकांनी आधी बहिणीला फोन लावला, "उठू नकोस, बसून राहा, मी येतोय," एवढंच ओरडले. मग खिडकी उघडली आणि अंगणात बघून त्याहून मोठ्याने ओरडले, "ट्रक उतरवा! एकही वॉकर बाहेर जायचा नाही!"

माल परत मागवला. दारोदार फोन केले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. दोन ठिकाणी फोन पोचायच्या आत माणसं पडली होती, सुदैवाने थोडक्यात निभावलं. प्रमाणपत्र मिळालं नाही. समितीपुढे बाईंनी सगळं खरंखरं मांडलं आणि मालक शेजारी बसून राहिले, हेही काही कमी नव्हतं. फळा गेला, खोकं गेलं. महिन्याची सुटी पट्टा थांबो न थांबो मिळू लागली.

खटकेवालीला परत बोलवायला बाई स्वतः तिच्या घरी गेल्या. "माझं चुकलं," दारातच म्हणाल्या. ती हसली नाही की रडली नाही. "येते मॅडम, कामाची गरज आहे," म्हणाली. "पण दोरी मी एवढ्यात ओढणार नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी ओढू दे. त्याचं काय होतं ते बघते."

बरोबरच होतं तिचं! वर्षानुवर्षं पेरलेली भीती एका माफीने उपटून निघत नाही. कित्येक दिवस त्या दोरीला कुणी हात लावला नाही. मग एकदा दुपारी पट्टा खाडकन थांबला. सगळे श्वास रोखून बघत राहिले. बाई धावत गेल्या आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "सांगितलंत, बरं केलंत. काय दिसलं?"

नागरिकहो, कारखाना असो, कचेरी असो, शाळा असो की तुमचं-माझं घर. तिथलं काम कसं चाललंय ते बघायचं असेल तर भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचू नका. तिथे चूक सांगणाऱ्या माणसाचं काय होतं, ते बघा. त्याची टर उडत असेल, त्याला 'तुमचं रोज काहीतरी नवीन असतं' असं ऐकावं लागत असेल, तर तिथे एकही तक्रार येणार नाही, याची खात्री बाळगा. आणि त्या शांततेचा टेंभा मिरवू नका. लाज वाटू द्या! चूक करणाऱ्याला एक वेळ माफ करता येतं. चूक सांगणाऱ्याचं तोंड बंद करणाऱ्याला करू नये, मग तो मालक असो, साहेब असो की दमून घरी आलेली तुमच्या-माझ्यासारखी कुणी असो.

सासूबाई उठल्या. आता नवा वॉकर आहे, त्याचा खटका नीट टक्‌ करून बसतो. पण दुसऱ्यांदा जोडलेलं हाड आखूड झालं, त्यामुळे त्या लंगडत चालतात आणि इथून पुढे लंगडतच चालणार आहेत. सून सुधारली, मालक सुधारले, कारखाना सुधारला. तो पाय काही सुधारला नाही.